सल्ल्याचे व्याकरण

इंग्रजी संभाषण शिकविणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात 'सल्ला देणे' या नावाचा एक धडा असतो. वर्गातील एक जण आपली अडचण सांगतो आणि शेजारी बसलेला त्याला सल्ला देतो. 'माझे डोके दुखते आहे.' 'तुम्ही डॉक्टरांकडे जायला हवे.' 'मला रात्री झोप येत नाही.' 'तुम्ही रात्री उशिरा चहा घेऊ नये.' अडचण एका ओळीची, सल्लाही एका ओळीचा. मग दोघे भूमिका बदलतात. ज्याने सल्ला दिला तो आता दुखणेकरी होतो आणि दुखणेकरी वैद्य होतो. प्रिय वाचकहो, हा धडा मी अनेक वर्षे शिकविला. आयुष्यातील फार थोडी दुखणी एका ओळीत मावतात, हे मात्र त्या धड्यात कोठेही लिहिलेले नसते, आणि ते मला फार उशिरा कळले.

इंदूरला एका मंडळीच्या सभागृहात मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेत असे. येणारे बहुतेक मराठी घरांतले असत. नोकरीच्या शोधात असलेले तरुण, दुकानात हिशेब लिहिणारे, परिचारिकेचे शिक्षण पुरे केलेल्या मुली. काहींच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली, पाने पिवळी पडलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. एके दिवशी हाच सल्ल्याचा धडा चालू असताना एका परिचारिका मुलीची पाळी आली. तिने पुस्तकातली अडचण वाचली नाही. उभी राहून, अडखळत, तिने स्वतःचीच अडचण सांगितली. आईला अर्धांगवायू झालेला. धाकटा भाऊ महाविद्यालयात. आखातातील एका रुग्णालयातून दोन वर्षांच्या कराराची नोकरी चालून आलेली. होकार की नकार, ते आठ दिवसांत कळवायचे. शेवटी ती म्हणाली, 'प्लीज गिव्ह मी ॲडव्हायसेस.'

मी सर्वांत आधी काय केले असेल? तिची चूक दुरुस्त केली. 'ॲडव्हाइस' या शब्दाला अनेकवचन नसते, तो पाण्यासारखा किंवा मिठासारखा न मोजता येणारा शब्द आहे, मोजायचाच झाला तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावे, हे मी फळ्यावर लिहून दाखविले. वर्गाने उत्साहाने सल्ले दिले. अर्ध्यांनी 'जा' म्हटले, अर्ध्यांनी 'जाऊ नकोस'. मग ती माझ्याकडे पाहू लागली. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, 'यू मस्ट गो.' तू गेलेच पाहिजेस.

ती गेली. अकराव्या महिन्यात तिची आई वारली. रजा मिळून ती पोहोचली तेव्हा दफनविधी होऊन गेला होता. करार संपवून परत आल्यावर खजुराचा एक डबा घेऊन ती मला भेटायला आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती म्हणाली, 'सर, तुमचा सल्ला चुकीचा नव्हता. भावाचं शिक्षण त्याच पैशांवर झालं. पण मी गेले ती तुम्ही 'मस्ट' म्हणालात म्हणून. मी स्वतः ठरवून गेले असते, तर आईच्या कबरीपाशी निदान मला माझ्याशी बोलता आलं असतं.'

त्या गोष्टीला आता २० वर्षे होऊन गेली. सल्ला बरोबर निघाला तरी तो देणारा दोषी असू शकतो काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला आहे. तोच आज मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

शब्दांची पायरी

इंग्रजीत सल्ला देण्यासाठी काही साहाय्यक क्रियापदे आहेत आणि त्यांची चढती पायरी आहे. सर्वांत खाली 'कुड' आणि 'माइट'. हेही करून पाहता येईल, एवढेच ते सुचवितात आणि समोरच्याच्या हातात आणखी एक वाट ठेवून बाजूला होतात. त्यांच्या वर 'शुड' आणि 'ऑट टू'. मला हे योग्य वाटते, असा त्यांचा सूर असतो. त्यांच्या वर 'हॅड बेटर'. यात 'बेटर' हा गोड शब्द असल्यामुळे आपल्या मुलांना तो सर्वांत नम्र वाटतो. वास्तविक त्यात एक इशारा दडलेला असतो. ऐकले नाहीस तर परिणाम भोगावे लागतील, असे तो न बोलता बोलतो. आपल्याहून मोठ्या माणसाला 'यू हॅड बेटर सिट डाउन' म्हणणाऱ्या नवशिक्या तरुणाला आपण धमकी देत आहोत याची कल्पनाही नसते. आणि सर्वांत वर 'मस्ट'. तेथे दुसरी वाट उरत नाही.

आपल्या भाषेतही ही पायरी आहे. फक्त आपण ती शिकत नाही, श्वासाबरोबर घेतो. 'जाऊन पाहा', 'गेलात तर बरे', 'गेलेले बरे', 'जावे', 'जायला हवे', 'गेले पाहिजे', आणि सर्वांवर 'गेलेच पाहिजे'. इंग्रजीत जे काम 'मस्ट' करतो ते आपल्याकडे एक 'च' करतो. मराठीतील सर्वांत लहान आणि सर्वांत कठोर शब्द हाच असावा. आपल्या घरांत, शाळांत आणि मंडळ्यांत आपण दिवसातून किती वेळा हा 'च' वापरतो, ते एखादा दिवस मोजून पाहा.

परकी भाषा शिकण्याचा एक लाभ असा, की जी गोष्ट मातृभाषेत आपण नकळत करतो ती तेथे निवडून करावी लागते. 'शुड' म्हणू की 'माइट' म्हणू, असा विचार करण्यासाठी विद्यार्थी क्षणभर थांबतो. नीतीच्या दृष्टीने तो क्षण फार मोलाचा आहे. मराठीत सल्ला देताना आपण असे थांबत असतो, तर कितीतरी शब्द ओठांवरूनच परत गेले असते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही म्हण उगीच रूढ झालेली नाही.

या क्रियापदांचा आणखी एक नियम आहे. इंग्रजीतील साधे क्रियापद 'ही', 'शी' यांच्याबरोबर आपले रूप बदलते. परंतु 'शुड' आणि 'मस्ट' कोणापुढेही बदलत नाहीत. मी, तू, तो, आपण सर्व यांना एकच रूप. मुलांना हा नियम सोपा वाटतो, मोठ्यांना तो अवघड जातो. आपला 'पाहिजे' आपण दुसऱ्यापुढे एका रूपात आणि स्वतःपुढे दुसऱ्या रूपात चालवितो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ऋण आणि दृष्टी

या शब्दांच्या मुळाशी गेल्यास आणखी काही हाती लागते. 'ऑट' हे 'ओ' या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे आणि 'ओ' म्हणजे देणे लागणे, ऋणी असणे. 'शुड' हे 'शॅल'चे भूतकाळी रूप. जुन्या इंग्रजीत त्याचाही एक अर्थ देणे लागणे असाच होता. जर्मन भाषेत याच कुळातल्या 'शुल्ड' या शब्दाचे कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ होतात. म्हणजे इंग्रज माणूस जेव्हा 'तू असे करायला हवेस' म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दाच्या पोटात एक कर्जखते असते. तू काही देणे लागतोस, असे तो सांगत असतो.

मराठीचा 'पाहिजे' निराळ्या घराण्यातला आहे. तो 'पाहणे' या धातूपासून आला. जे पाहिले जाते, शोधले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते 'पाहिजे'. गंमत अशी, की इंग्रजीतील 'ॲडव्हाइस' हा शब्दसुद्धा पाहण्यापासूनच आला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'मला असे दिसते' अशा अर्थाचा एक वाक्प्रचार होता; त्यातील 'दिसते' हा अंश लॅटिनमधील पाहण्याच्या धातूचा. त्यातून मत आणि मग सल्ला असा अर्थ तयार झाला. म्हणजे सल्ला हा शब्द जन्मला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता, की मला येथून असे दिसते. आपल्या 'उपदेश' या शब्दात दिशा दाखविणे आहे. आणि 'सल्ला' हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थ भले, हित असा आहे. 'मसलत' हीदेखील त्याच कुळातली.

हे चार शब्द शेजारी ठेवले म्हणजे सल्ल्याची व्याख्या आपोआप तयार होते. ज्याला मी पाहिले आहे, त्याच्या हितासाठी, मला येथून जसे दिसते तशी दिशा दाखविणे, हा सल्ला. यातील एकही अंग गळाले तर उरते ते दुसरेच काहीतरी. मी त्या मुलीला दिशा दाखविली. पण तिला पाहिले होते काय? आईची सेवा कोण करणार, भाऊ काय म्हणतो, तिच्या स्वतःच्या मनाचा कल कोठे आहे, यांतले मी काहीच विचारले नव्हते. मी फक्त घड्याळ पाहिले होते.

ऋणाची गोष्ट मात्र एकदम टाकून देण्यासारखी नाही. प्रश्न एवढाच, की ऋणी कोण? 'शुड' म्हणताना आपण सावकाराच्या गादीवर बसतो आणि समोरच्याकडून वसुली मागतो. पौलाने रोमकरांस लिहिताना प्रीतीचे ऋण तेवढे कायमचे मानले आहे, हे आपण जाणता. त्या हिशेबाने सल्ला मागायला आलेला मनुष्य आपला कर्जदार नसतो. आपणच त्याचे देणे लागतो. आपला वेळ, आपले कान आणि खरेपणा, हे ते देणे होय.

आज्ञा आणि सल्ला

इंग्रज तत्त्वचिंतक थॉमस हॉब्ज याने १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या 'लेव्हायथन' या ग्रंथात सल्ल्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. आज्ञा आणि सल्ला यांत लोक गल्लत करतात, याचे कारण त्याच्या मते असे, की दोन्हींचे क्रियापद एकच असते. दोन्ही 'हे कर' असेच म्हणतात. मग फरक कशात? आज्ञेमागे आज्ञा करणाऱ्याची इच्छा हेच कारण पुरेसे असते आणि ती त्याच्या स्वतःच्या लाभासाठी असते. सल्ल्याला मात्र कारण द्यावे लागते आणि ते कारण ऐकणाऱ्याच्या हिताचे असावे लागते. आज्ञा पाळण्यास मनुष्य बांधलेला असू शकतो; सल्ला मानण्यास तो बांधलेला नसतो, कारण न मानल्याने होणारे नुकसान त्याचे स्वतःचेच असते. हॉब्ज पुढे असाही इशारा देतो, की जो फार आवेशाने सल्ला देतो त्याच्या सल्ल्यात बहुधा त्याचे स्वतःचे हित मिसळलेले असते.

हा शेवटचा मुद्दा आपल्या घरांकडे वळवून पाहा. मुलाने अभियंताच व्हावे असा सल्ला बाप देतो तेव्हा त्यात मुलाचे हित किती आणि बापाचे अपुरे राहिलेले स्वप्न किती? सुनेने नोकरी सोडावी असा सल्ला सासू देते तेव्हा त्यात नातवंडांची काळजी किती आणि चूल सांभाळण्याचा कंटाळा किती? आवेश वाढला, की समजावे, तराजूत आपलाही हात पडला आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात तीन प्रकारची विधाने वेगळी केली: कौशल्याचे नियम, व्यवहारज्ञानाचे सल्ले आणि नीतीच्या आज्ञा. एखादी वस्तू कशी बनवावी, हा नियम. खोटे बोलू नये, ही आज्ञा. तीत 'जर' आणि 'तर' नाही. परंतु कशाने सुख लाभेल, याविषयी मात्र सल्लाच देता येतो, आज्ञा देता येत नाही. कारण आपण खरोखर कशाने सुखी होऊ हे मर्यादित बुद्धीच्या माणसाला स्वतःबद्दलसुद्धा निश्चित सांगता येत नाही. मग दुसऱ्याबद्दल कसे सांगावे?

याच विवेकाचे एक फार जुने उदाहरण आपल्या हाती आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना विवाहाच्या प्रश्नावर पौल स्पष्टपणे वेगळे करून सांगतो, की अमुक गोष्ट प्रभूची आज्ञा आहे आणि तमुक गोष्टीविषयी प्रभूची आज्ञा माझ्यापाशी नाही, मी केवळ माझे मत देतो. एवढा मोठा प्रेषित आपल्या मताला आज्ञेचा शिक्का मारीत नाही. आणि आपण? नोकरी, शिक्षण, लग्न, घर यांविषयीच्या आपल्या साध्या आवडीनिवडींना आपण किती सहजपणे देवाच्या इच्छेचे नाव देतो! 'शुड'च्या जागी 'मस्ट' घालणे ही परीक्षेत एका गुणाची चूक आहे. जीवनात ती दुसऱ्याच्या सदसद्विवेकावरचे अतिक्रमण ठरते.

'मी तुझ्या जागी असतो तर'

सल्ला देताना इंग्रजीत 'इफ आय वर यू' असा प्रयोग फार करतात. विद्यार्थी येथे हमखास अडतात. 'आय'च्या पुढे 'वॉज' यावे, 'वर' कसे आले? उत्तर असे, की हे घडलेले नाही आणि घडणारही नाही, असे दाखविण्यासाठी हे रूप आहे. मी तू नाही, कधी होणारही नाही. तरी क्षणभर कल्पना करतो. म्हणजे वाक्याच्या व्याकरणातच एक कबुली आहे. आपण वाक्य वापरतो, पण कबुली विसरतो. मराठीत आपण 'तुझ्या जागी' म्हणतो. आणि इंग्रजीत दुसरा एक प्रयोग आहे, 'तुझ्या बुटांत'.

बुटावरून आठवले. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने एका रोमन गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. त्याने पत्नीचा त्याग केला तेव्हा मित्रांनी त्याला दोष दिला: ती शीलवान नाही काय, सुंदर नाही काय, तिला मुले झाली नाहीत काय? त्याने आपले पादत्राण पुढे केले आणि म्हटले, की हे नवे आहे, घडणही चांगली आहे. पण ते माझ्या पायाला कोठे बोचते हे तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. त्या गृहस्थाचे वागणे योग्य होते असे मी म्हणत नाही. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवरून निर्णय देणाऱ्यांना त्याने दिलेले उत्तर मात्र विसरण्याजोगे नाही. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो ते हेच.

आणखी दोन धडे

'मस्ट'चा नकार करताना आपल्या विद्यार्थ्यांची एक चूक नेहमी होते. 'जाण्याची गरज नाही' असे म्हणायचे असते आणि ते 'मस्ट नॉट' म्हणतात. त्याचा अर्थ 'जाता कामा नये' असा होतो. गरज नसण्यासाठी 'नीड नॉट' किंवा 'डोन्ट हॅव टू' म्हणावे लागते. पहिल्याने मनाई होते, दुसऱ्याने मोकळीक मिळते. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण ही चूक केवळ इंग्रजीच्या वहीतली आहे काय? मुलीने एवढे शिकायची गरज नाही, येथपासून मुलीने शिकता कामा नये, येथपर्यंत आपली किती घरे न कळत पोहोचली! ज्या गोष्टी केवळ अनावश्यक होत्या त्यांना आपण निषिद्ध ठरविले, आणि तरुण पिढी आपल्यापासून दूर का जाते म्हणून मग बैठका भरविल्या.

दुसरा धडा 'शुड हॅव'चा. 'तू असे करायला हवे होतेस.' व्याकरणाच्या पुस्तकात हा प्रयोग सल्ल्याच्या धड्याला लागूनच येतो. परंतु हा सल्ला नव्हे. सल्ला पुढच्या वाटेसाठी असतो, आणि मागची वाट कोणालाही पुन्हा चालता येत नाही. स्वतःला उद्देशून हे वाक्य म्हणणे हा पश्चात्ताप होऊ शकतो. दुसऱ्याला, विशेषतः दुःखात असलेल्याला, उद्देशून म्हटले तर तो घाव होतो. ईयोबाचे तीन मित्र आठवा. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे दुःख ऐकून दुरून आले, त्याच्याबरोबर सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. मग ते बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्याचे सार असे, की तुझ्या हातून काहीतरी घडले असलेच पाहिजे. त्या ग्रंथाचा शेवट मला नेहमी अंतर्मुख करतो. तेथे देवाचा कोप या सल्लागारांवर होतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम ईयोबावर येते.

मग गप्प बसावे काय?

येथे आपण म्हणाल, की एवढे सगळे ऐकल्यावर सल्ला द्यावाच कशाला? विचारणाऱ्याला 'तुझे तू बघ' म्हणून सांगावे आणि हात झटकावेत. नाही, वाचकहो. तो विनय नव्हे, ती पळवाट होय. यहेज्केलाच्या ग्रंथातील पहारेकरी आपल्या परिचयाचा आहे. तलवार येत असलेली पाहूनही जो शिंग फुंकीत नाही, त्याच्याकडे सांडलेल्या रक्ताचा जाब मागितला जातो. छातीत कळ येऊन घामाघूम झालेल्या माणसाला 'आपण रुग्णालयात जाण्याचा विचार करू शकाल' असे नम्रपणे सुचविणे हा गुन्हा आहे. तेथे 'मस्ट'च हवा, 'च'सुद्धा हवा. दारूत बुडणारा भाऊ, हुंड्यासाठी छळली जाणारी शेजारीण, खोट्या जाहिरातीला भुलून अनोळखी दलालाला सर्व पुंजी देऊ पाहणारा तरुण, यांच्यापुढे 'माइट' आणि 'कुड' वापरणारा सभ्य नसतो, भित्रा असतो.

परंतु पहारेकऱ्याच्या गोष्टीतील एक शब्द सोडू नका. त्याने तलवार पाहिलेली असते. तो बुरुजावर उभा असतो. ऐकीव गोष्टींवर शिंग फुंकीत नाही. मला यातून एक साधा नियम मिळाला. शब्द किती कठोर असावा हे आपल्या वयावरून, पदावरून किंवा आवाजावरून ठरू नये. आपण किती पाहिले आहे यावरून ठरावे. संकट प्रत्यक्ष दिसत असेल तर 'मस्ट'. सर्व बाजू ऐकून मत बनले असेल तर 'शुड', आणि त्याबरोबर कारण. थोडेसेच ठाऊक असेल तर 'कुड'. काहीच ठाऊक नसेल तर प्रश्न विचारावा. आणि प्रश्न विचारायलाही वेळ नसेल, तर 'आज मला वेळ नाही, उद्या ये' असे सांगावे. इंग्रजीत मोठ्या निर्णयाविषयी 'स्लीप ऑन इट' म्हणतात, म्हणजे मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. हे मागणाऱ्याइतकेच देणाऱ्यालाही लागू आहे.

चांगल्या सल्ल्याचा नमुना पाहायचा असेल तर निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो पाहा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जावई लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेला त्याने आधी पाहिला. मग विचारले, की हे काय चालले आहे आणि तू एकटाच का बसतोस? मोशेचे उत्तर ऐकून घेतले. मग धोका सांगितला, की तू आणि हे लोक, दोघेही थकून जाल. मग उपाय सांगितला, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याचा. त्यालाही अट जोडली, देवाला तसे मान्य असेल तर. आणि सर्वांत शेवटी तो आपल्या देशाला परत गेला! आपला सल्ला नीट पाळला जातो की नाही हे पाहायला तो छावणीत ठाण मांडून बसला नाही. पाहणे, विचारणे, ऐकणे, कारण देणे, अट मान्य करणे आणि बाजूला होणे, या सहा पायऱ्या आहेत. मी त्या मुलीच्या वेळी पहिल्या पाच गाळल्या आणि एकदम सहावी गाठली.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. सल्ला बरोबर निघाला तरी देणारा दोषी असू शकतो काय? माझे उत्तर होय असे आहे. कारण सल्ल्याचे काम केवळ योग्य कृती घडवून आणणे एवढेच नसते. ते काम आज्ञेनेही होते, भीतीनेही होते. ज्याला निर्णयाचे ओझे वाहायचे आहे त्याला तो निर्णय आपला वाटावा, हे सल्ल्याचे काम. ओझे तिच्या खांद्यावर आणि निर्णय माझ्या तोंडचा, अशी जेथे विभागणी झाली तेथे निकाल कितीही चांगला लागो, अन्याय झालाच. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपण बेपर्वाईची समजतो. मला वाटते, ती सल्ला देणाऱ्यांसाठी आहे. समोरच्याचे मन करण्यासाठी मोकळे राहील असेच आपण बोलावे.

या म्हणीतील क्रियापदाकडे जाता जाता लक्ष वेधतो. ऐकावे, करावे. मराठी व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. कर्तव्य सांगताना आपण हेच रूप वापरतो, आणि इच्छा किंवा प्रार्थना व्यक्त करतानाही हेच. 'मुलाने अभ्यास करावा' आणि 'प्रभो, याचे भले व्हावे' या दोन्ही वाक्यांचा प्रत्यय एकच. इंग्रजी क्रियापदांच्या सगळ्या पायऱ्या शिकवून झाल्यावर मला आपल्या भाषेचा हा साधेपणा अधिक आवडू लागला. जो 'वे' माणसाकडे वळवायचा तो आधी देवाकडे वळवून पाहावा. तेथे तो टिकला, तरच माणसापुढे उच्चारावा.

गेल्या वर्षी त्या मुलीचे पत्र आले. मुलगी कसली, आता तिचीच लेक सतरा वर्षांची आहे आणि शिक्षणासाठी दूरच्या शहरी जाऊ म्हणते आहे. वडील नको म्हणतात. हिला काही सुचत नाही. पत्र मराठीत होते, शेवटची ओळ मात्र गमतीने इंग्रजीत होती. तिने माझ्याकडे सल्ला मागितला होता, आणि 'ॲडव्हाइस' एकवचनात लिहिले होते.

मी दोन दिवस उत्तर लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी लिहिले, त्यात 'शुड' नव्हते आणि 'मस्ट'ही नव्हते. तीन प्रश्न होते. लेकीला तेथे नेमके काय शिकायचे आहे? वडिलांना कशाची भीती वाटते, ते त्यांना कोणी विचारले आहे काय? आणि तू तिच्या वयाची असताना तुला कोणी काय विचारायला हवे होते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे. पहिल्या दोहोंची मी वाट पाहतो आहे.